मोठा मासा ठेवावा की सोडावा?

तासगावात गळाची गोष्ट काढली तर ऐकणारा आधी हसतो. या तालुक्याची ओळख द्राक्षांची आणि बेदाण्याची. पाण्याचा विषय निघाला की बोलणे सिंचन योजनेच्या आवर्तनावर, ठिबकवर आणि बोअरच्या खोलीवर जाते. येरळा वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. पण हौशी गळवाले इथेही आहेत. येरळा ब्राह्मणाळजवळ कृष्णेला मिळते. तिथून वरच्या अंगाला भिलवडी-औदुंबर, खालच्या अंगाला हरिपूरचा वारणासंगम, हा सगळा काठ मोटारसायकलच्या टप्प्यात आहे. पूर्वेला अग्रणीवरचा सिद्धेवाडी तलाव आहे. पूर ओसरला की या पाण्यांवर दोरी टाकून बसलेली माणसे दिसतात. मग एखाद्या दिवशी मोबाइलवर फोटो फिरतो: पाळण्यातल्या पोरासारखा दोन्ही हातांवर धरलेला भलामोठा कटला, आणि खाली वजनाबद्दल वाद.

अलीकडे अशा फोटोखाली एक वाक्य हमखास येते. ‘एवढा मोठा होता, सोडून द्यायचा होता.’ त्याला उत्तरही ठरलेले: ‘सोडायचाच होता तर पकडला कशाला?’ दोन्ही बाजूंच्या लोकांना आपले म्हणणे स्वयंसिद्ध वाटते. माझ्या मते दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात. मासा कोणता, आणि तो कुठल्या पाण्यातला?

आधी त्या कटल्याचेच बघू. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या बाजारातले रोजचे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. दख्खनच्या तलावांत ते माणसाने आणून सोडले. त्यांना अंडी घालायला वाहते, पुराचे पाणी लागते; तलावाच्या साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. सिद्धेवाडीसारख्या तलावात मच्छीमार संस्था ठेका घेते, बोटुकली विकत आणून सोडते, आणि पुढे ते पीक काढते. अशा तलावातला वीस किलोचा कटला म्हणजे कधीतरी सोडलेली एक बोटुकली, जी अनेक जाळ्यांतून निसटली. त्याला परत सोडल्याने पुढच्या वर्षी तलावात एकही कटला वाढणार नाही. तेव्हा ठेकेदार संस्थेची परवानगी असेल तर तो खुशाल घरी न्यावा. परवानगी नसेल तर तो ठेवायचा की सोडायचा हा प्रश्नच येत नाही; तो मासा दुसऱ्याचा आहे. चवीचे म्हणाल तर इतक्या मोठ्या माशाचे मांस राठ लागते आणि दीड-दोन किलोचाच बरा, हे कोणतीही मासे करणारी बाई सांगेल.

चिलापी आणि आफ्रिकन मांगूर यांचे उत्तर त्याहून सोपे. हे बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे मासे. मांगूर तर देशात पाळायलाच बंदी आहे, कारण तो पाण्यातले जवळजवळ काहीही खातो आणि थोड्या ओलीवरही जगून दुसऱ्या पाण्यात जातो. गळाला लागलेला आफ्रिकन मांगूर दयेपोटी नदीत परत सोडणे म्हणजे त्या नदीतल्या इतर सगळ्या माशांवर निर्दयपणा करणे. तो लहान असो वा मोठा, परत सोडू नये.

खरा पेच आहे तो महसीरचा. आपल्या भागात याला खडशी म्हणतात, काही ठिकाणी देवमासा. कृष्णेच्या खोऱ्यातला हा अस्सल मूळ रहिवासी. त्याला शास्त्रात नाव मिळाले तेही महाराष्ट्रातच. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल विल्यम सायक्सने दख्खन पालथे घालून इथल्या माशांची यादी केली आणि १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नावात त्याने इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव घातले: खुद्री. आज तो ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. मोठाले सोनेरी-करडे खवले, निळसर पर, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या, आणि गळाला लागल्यावर दोरी ओढत नेण्याची अशी ताकद की हौशी लोक त्याच्यापायी हजारो मैल प्रवास करतात. एच. एस. थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भारतातल्या गळमासेमारीवर जे पुस्तक लिहिले, त्याने महसीरचे वेड विलायतेपर्यंत नेले.

त्या काळी मोठा मासा म्हणजे भिंतीवरची शोभा. म्हैसूरचे व्हान इंगेन घराणे वाघ-बिबट्यांची कातडी भरून देण्यासाठी जगप्रसिद्ध होते. त्यांच्यातल्याच एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर काढला. हा विक्रम आजही सांगितला जातो. तिकडे स्कॉटलंडमध्ये जॉर्जिना बॅलन्टाइन या तरुणीने १९२२ मध्ये टे नदीत ६४ पौंडांचा सॅल्मन काढला, तो ब्रिटनमधला गळाने पकडलेला सर्वांत मोठा सॅल्मन. अलास्कातल्या किनाय नदीत १९८५ मध्ये लेस अँडरसनला ९७ पौंडांचा किंग सॅल्मन मिळाला. हे तिन्ही मासे मेले. तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते.

आज स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या दर दहा सॅल्मनपैकी नऊहून अधिक परत सोडले जातात. किनायवर तर किंग सॅल्मन इतके घटले की अलीकडे त्यांची मासेमारीच बंद ठेवावी लागली आहे. तिथे संख्या घटली तसा आकारही घटला. पूर्वीसारखे धिप्पाड मासे नदीत चढेनासे झाले. यामागे समुद्रातले बदल आहेत, भक्षक आहेत, इतरही कारणे आहेत. पण एक साधी गोष्ट विसरता येत नाही. माशाचा आकार काही अंशी आनुवंशिक असतो. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत मोठेच वेचून काढले तर मागे उरतात ते लवकर वयात येणारे, लहान अंगाचे. शेतकरी बियाण्यासाठी कणीस निवडतो तेव्हा नेमके उलटे करतो.

मोठ्या माशाच्या बाजूने दुसरा मुद्दा अंड्यांचा. फार काळ समजूत होती की दुप्पट वजनाची मादी दुप्पट अंडी देते. २०१८ मध्ये समुद्रातल्या शेकडो जातींची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा हा हिशेब चुकीचा निघाला. तीस किलोची एक कॉड मादी दोन किलोच्या २८ माद्यांहून जास्त अंडी देते, आणि त्या २८ जणी मिळून ५६ किलो भरतात! म्हणजे तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या माद्या तिची बरोबरी करू शकत नाहीत. शिवाय मोठ्या मादीची अंडीही बहुधा आकाराने मोठी आणि पोसलेली असतात. कार्प कुळात मोठे मासे बहुतेकदा माद्याच निघतात, आणि महसीर याच कुळातला. त्यातून महसीर हा अंड्यांच्या बाबतीत हात राखणारा मासा आहे. कटल्याची मादी किलोमागे लाखाच्या घरात अंडी देते, तर महसीरची काही हजार. तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून, खडे-गोटे असलेल्या उथळ वाहत्या पाण्यात. वयात यायलाही त्याला वर्षे लागतात. तेव्हा कोयनेत किंवा कृष्णेत आठ-दहा किलोची खडशी काढून रस्सा केला, तर संपते ती त्या नदीतली अनेक वर्षांची बेगमी.

म्हणून खडशी सोडावी हे माझे स्पष्ट मत आहे. पण ‘सोडणे’ म्हणजे नेहमी पुण्यच, असा निष्कर्ष कुणी काढणार असेल तर त्याने कावेरीची हकिगत ऐकावी. तिचे एक टोक लोणावळ्यात आहे.

धरणांमुळे महसीर संपत चालला हे सत्तरच्या दशकात लक्षात आले. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ महसीरचे बीज केंद्र उभारले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले यांनी महसीरच्या मादीची अंडी हाताने दाबून काढणे, त्यांवर नराचे रेत सोडणे, वाहत्या पाण्याच्या ताटल्यांत ती उबवणे हे तंत्र इथे बसवले. देशात महसीरचे इतक्या मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याचा हा पहिलावहिला यशस्वी उद्योग, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. या केंद्रातून लाखो पिल्ले वाढवली गेली, राज्योराज्यी पाठवली गेली. एकेकाळी संकटग्रस्त यादीत असलेली टॉर खुद्री पुढच्या मूल्यांकनात ‘कमी चिंतेची’ ठरली.

याच पिल्लांपैकी काही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. तिथल्या गळछावण्यांना मासे हवे होते. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. व्हान इंगेनचा विक्रम याच माशाच्या नावावर आहे. निळ्या परांच्या पाहुण्याने नदीत असा जम बसवला की मूळ मालक दिसेनासा झाला. गंमत म्हणा की दुर्दैव, जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी दीडशे वर्षे येत होते, त्या माशाचे शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत पक्के नव्हते. त्या वर्षी तो केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन केलेला ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे दाखवले गेले, आणि त्याच सुमारास त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

आणि मूळ मासा संपत चालल्याचे कळले कसे? गळवाल्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गालिबोरे छावणीत पकडलेला प्रत्येक महसीर परत सोडायचा नियम होता आणि त्याची नोंदही ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळात सहा हजारांहून अधिक महसीरांची नोंद झाली, अर्ध्या किलोपासून ४६ किलोंपर्यंत. पुढे संशोधकांनी ती तपासली. एकूण मासे वाढत होते, त्यामुळे वरवर सगळे छान दिसत होते. पण कुबडवाल्याचे प्रमाण घटत होते, आणि जे सापडत होते ते दरवर्षी अधिक मोठे असत. म्हणजे म्हातारे उरले होते, नवी पिल्ले येत नव्हती. सरकारी खात्याकडे असा एकही तक्ता नव्हता. मासा मारून नेला असता तर ही नोंदही राहिली नसती. २०१२ मध्ये अभयारण्यांतली गळमासेमारी बंद झाली, कारण कायद्याच्या नजरेत ती शिकारच. छावण्या उठल्या. त्यांच्याबरोबर राखणदारही गेले आणि सुरुंग लावणाऱ्यांचे फावले, असे तिथले जुने गळवाले सांगतात. या वादात त्यांचा स्वार्थ आहे हे खरे, तरी मला त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही.

‘सोडायचाच होता तर पकडला कशाला’ या सवालाला मात्र मी हसून टाळणार नाही. तो गंभीर सवाल आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या ओठांत वेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके असल्याचे दाखवले. त्यावरून मासा ‘दुःख’ भोगतो का याचा शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण त्याला काहीच होत नाही असे आता कुणी छातीठोक म्हणत नाही. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्याच्या इराद्याने मासा पकडायला मनाई आहे. जर्मनीतही प्राण्याला त्रास द्यायचा तर सबळ कारण लागते, आणि खाणे हे कारण चालते, करमणूक चालत नाही. भोई समाजातल्या माणसाला विचारले तर तो यापेक्षा वेगळे सांगणार नाही: पोटासाठी पकडतो, खेळण्यासाठी नाही. दिवसभरात वीस खडशी खेळवून वीस सोडणारा हौशी माणूस एक कटला घरी नेणाऱ्यापेक्षा थोर असतो, असे मलाही वाटत नाही. एक मोठी सापडली की दोरी गुंडाळून घरी जावे.

आपल्याकडे तिसरा मार्ग केव्हाचा आहे: गळच टाकायचा नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर देवीचे मानले जातात. लोक चुरमुरे टाकतात, मासे पृष्ठभागावर गर्दी करतात, पण पकडायला कुणी धजत नाही. इंद्रायणीवर देहूच्या डोहालाही असेच अभय होते. कायदा नसताना, पहारेकरी नसताना या जागा टिकल्या, कारण गावाने ठरवले होते. पण देवाचे अभय गळापुरते चालते, सांडपाण्यापुढे चालत नाही; इंद्रायणीचे आजचे पाणी पाहिले की हे कळते.

आता सोडायचे कसे, ते बघू. कारण चुकीच्या तऱ्हेने सोडलेला मासा काठावरून पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. कावेरीत निळ्या परांच्या महसीरवर केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दिलासा देतो: काळजी घेतली तर मरण्याचे प्रमाण अत्यल्प असते. मात्र झुंज जितकी लांबते तितके माशाच्या रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढते, आणि मोठ्या माशाची झुंज साहजिकच लांबते. तेव्हा दोरी बारीक वापरून मासा दमवत बसण्यात शौर्य नाही. जाड दोरीने लवकर काठाला आणावा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो चटकन निघतो. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता दोरी कापावी. हात ओले करूनच माशाला लावावेत, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे रोगांपासूनचे कवच. कल्ल्यात बोटे घालून उचलायचा प्रकार, जो फोटोत रुबाबदार दिसतो, तो सर्वांत घातक. फोटो पाण्यातच काढावा. शेवटी तोंड प्रवाहाकडे करून धरावा आणि तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत हात सोडू नये. एप्रिल-मे महिन्यांत नदी आटलेली आणि पाणी तापलेले असते, प्राणवायू आधीच कमी. त्या दिवसांत महसीरच्या डोहात गळ न टाकणेच चांगले.

वजनाचा मोह आवरत नसेल तर त्यालाही उपाय आहे. माशाची लांबी इंचांत मोजा, मग पोटाचा सर्वांत जाड घेर मोजा. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा, ८०० ने भागा. येतात ते पौंड. चाळीस इंच लांब आणि चोवीस इंच घेराचा मासा सुमारे २९ पौंडांचा, म्हणजे १३ किलोंचा. तराजूवर टांगायची गरज नाही. भिंतीवर लावायचाच असेल तर या मापांवरून फायबरची हुबेहूब प्रतिकृती करून घेता येते. परदेशात हा आता चांगला धंदा आहे.

एवढे सगळे करून एका माणसाने एक खडशी सोडली, तर नदीला काय फरक पडणार, असेही कुणी विचारेल. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या पट्ट्यात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. त्यापुढे एक मासा म्हणजे काहीच नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ पासून कायद्याने बंदी आहे, तरी ते प्रकार थांबलेले नाहीत. वाळू उपशाने अंडी घालायच्या जागा गेल्या, बंधाऱ्यांनी वर चढायच्या वाटा अडल्या. गळवाल्याने मासा सोडला म्हणून यातले काही सुटत नाही. पण रोज नदीकाठी बसणारा, पाण्याचा रंग बदललेला सर्वांत आधी ओळखणारा माणूसही तोच असतो, आणि मासा हवा म्हणून नदी हवी असे म्हणणारे लोक आपल्याकडे फार नाहीत.

तेव्हा कृष्णाकाठच्या गळवाल्यांना एक विनंती. या पावसाळ्यानंतर कधी खडशी लागली, तर ती जिथे लागली त्याच पाण्यात सोडा. दुसऱ्या नदीत किंवा तलावात नेऊन सोडू नका. सोडण्याआधी लांबी, घेर, तारीख आणि जागा एका वहीत लिहा, पाण्यातला एक फोटो ठेवा. आणि वर्षाअखेरीस त्या वहीची एक प्रत सांगलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नेऊन द्या.